फॅन फिरत होता, तरी गाडी तापत होती

माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, सिंहगड रोडला वडगावच्या पुढं. सीलिंग फॅन, मिक्सर, पाण्याच्या मोटरी, कूलर, जे काय गरगर फिरतं ते सगळं माझ्याकडं येतं, बावीस वर्षं झाली. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढं जो घोळ सांगणारे तो अशा माणसानं घातलाय ज्यानं आयुष्यात पंखे सोडून दुसरं फारसं काही केलं नाही.

माझ्या मेव्हण्याचं पानशेतच्या पुढं शेत आहे, तिथं त्यानं कृषी पर्यटन काढलंय. चार खोल्या, चुलीवरचं जेवण, एक झोका. पुण्यातली माणसं शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत परत जातात. दोन वर्षांपूर्वी त्याला कुठूनतरी एक सेकंडहँड एटीव्ही मिळाली. बाईकसारखं हँडल, चार फुगीर टायर आणि आवाज असा की डोंगरापलीकडं कळावं. तिला रस्त्यावरचं पासिंग नाही त्यामुळं ती शेतातच फिरते. शेताच्या मागं टेकडी आहे, तिच्यावर त्यानं एक वाट पाडलीये, वर जायचं, वळसा घालायचा, खाली यायचं. एका राउंडचे पैसे घेतो. पोरं खूश, पोरांचे बाप त्याहून खूश.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "दाजी, गाडीनं वाफ सोडली." मागं कुणीतरी बाई ओरडत होती तेही ऐकू येत होतं. झालं असं की लागोपाठ सहा-सात राउंड झाले, दोन धट्टेकट्टे गडी बसून चढ चढले, मीटरमधला लाल दिवा लागला आणि ह्यानं दिव्याकडं बघितलंच नाही कारण तो दिवा काय सांगतो हेच त्याला माहीत नव्हतं. वर पोचल्यावर बुडबुड आवाज आणि पुढून वाफ. मग साहेबांनी काय करावं, फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं, पंधरा दिवस बर्नॉल लावत होता.

हे झाकण म्हणजे घरच्या कुकरचंच काम करतं. आपल्याकडं पुण्यात पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं, समुद्रसपाटीपेक्षा आपण साडेपाचशे मीटर वर आहोत ना. पण दाबाखाली तेच पाणी १२० पर्यंत उकळत नाही, म्हणून तर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते. रेडिएटरच्या झाकणावर १.१ असा काहीतरी आकडा लिहिलेला असतो, तो दाब. आता कुकरची वाफ जायच्या आत कुणी झाकण ओढून काढतं का? पण गाडीचं मात्र लोकं काढतात. दाब गेला की आतलं सगळं पाणी एकदम उकळून उसळतं आणि जे समोर असेल त्याला भाजतं. अर्धा तास थांबा, हात लावता येईल एवढं थंड होऊ दे, मग काय ते उघडा.

तर पुढच्या बुधवारी दुकान बंद ठेवून गेलो. मला गाड्यांचं काय कळत नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर मेव्हण्यानं फोनवर "फॅन फिरत नाय" म्हणल्याबरोबर माझी कॉलर ताठ झाली होती. फॅन ना, फॅन तर आपलंच काम.

गाडीची रचना सोपीये. इंजिन सिंगल सिलेंडर, पाण्यानं थंड होणारं. पुढं बंपरच्या मागं रेडिएटर, रेडिएटरच्या मागं, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, बारा व्होल्टचा फॅन. इंजिनात जेवढं पेट्रोल जळतं त्यातली साधारण एक तृतीयांश ताकद चाकाला मिळाली तरी नशीब, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली गरमी ह्या पाण्याला उचलायला लागते. पाणी ती रेडिएटरमध्ये आणून सोडतं आणि हवा ती घेऊन जाते. हवा नसेल तर पाणी गरमी नुसती इकडून तिकडं फिरवत बसतं. बाईक हायवेला ऐंशीनं चालली की हवा फुकट मिळते. ही बया चालते म्हशीच्या चालीनं, ताशी दहा-पंधरा, पहिल्या गिअरमध्ये इंजिन बोंबलतंय, दोन माणसं वर, चढ आणि मागून वारा. म्हणजे गरमी जास्तीत जास्त आणि हवा कमीत कमी. म्हणून एटीव्हीला फॅन ही सोय नसून गरज असते, बाकी गाड्यांना ट्रॅफिकमध्ये लागतो तसा हिला सगळा वेळ लागतो.

कनेक्टर काढला आणि बाईकच्या बॅटरीवरून फॅनला डायरेक्ट सप्लाय दिला, ढिम्म. हातानं पातं फिरवलं तर करकर. मोटर काढून दुकानात आणली. उघडली तर आत पानशेतचा अर्धा डोंगर. लाल माती सुकून घट्ट झालेली, ब्रश म्हणजे कार्बन पार घासून संपलेले, कम्युटेटर, म्हणजे ज्याच्यावर कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, काळाकुट्ट. इथं एक सांगतो, मिक्सरचे कार्बन घासून ह्यात बसवायचे नाहीत. मापात बसतात पण काम करत नाहीत. बारा व्होल्टच्या मोटरला करंट जास्त लागतो म्हणून तिच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं, हातात घेतला तर लालसर चमक दिसते. मिक्सरचा कार्बन काळा. मी नाना पेठेत गेलो, गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली, कार्बन घ्यायला दोन. मापाच्या जवळचे मिळाले, ते पॉलिश पेपरवर घासून बसवले. कम्युटेटर साफ केला, फटी ब्लेडच्या टोकानं कोरल्या, बेअरिंगला ग्रीस. मोटर टेबलावर लावली तर काय सुंदर आवाज, करंट मोजला, साडेसहा अँपिअर. म्हणजे ऐंशी वॅटच्या आतबाहेर, घरच्या साध्या सीलिंग फॅनएवढाच की हो. एवढासा पंखा तेवढीच वीज खातो, कारण त्याला मोकळ्या खोलीत वारा नाही घालायचाय, दाट जाळीतून हवा ओढायचीये.

मोटर घेऊन परत पानशेतला गेलो. फॅनचा कनेक्टर वितळलेला होता. तो कापून टाकला, तपकीर गल्लीतून नवीन कनेक्टर आणि एक चांगला रिले, म्हणजे सेन्सरच्या इशाऱ्यावर फॅन चालू-बंद करणारा स्विच, आणला होता, ते लावलं. दोन वायरी. दोन्ही एकेकाळी वेगळ्या रंगाच्या असणार, आता दोन्ही मातीच्या रंगाच्या. जोडल्या, सोल्डर केलं, वरून स्लीव्ह चढवली. काम असं देखणं की फोटो काढला.

चूक इथं झाली बरं का, पण ती मला कळायला पुढचे तीन आठवडे लागले.

गाडी सुरू केली, उभीच ठेवली, मल्टिमीटरची टेंपरेचरची वायर रेडिएटरच्या वरच्या पाइपला टेपनं चिकटवली. सत्तर, ऐंशी, नव्वद. पंचाण्णवच्या आसपास टक् करून रिले लागला, फॅन सुरू. पाचेक मिनिटांत आकडा खाली आला, फॅन बंद. परत चढला, परत सुरू. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मानलं तुम्हाला." मीपण मानलं. त्यानं गावठी कोंबडं कापलं, जेवलो, आलो.

रविवारी फोन. "दाजी, परत तापतीये. फॅन फिरतोय पण."

फॅन फिरतोय ना, मग फॅनचा प्रश्न संपला. हे वाक्य मी त्याला म्हणालो, मग शेजारच्या गॅरेजवाल्याला म्हणालो, मग बायकोला म्हणालो. एवढं ठामपणे म्हणालो की तिकडं परत बघायचंच नाही असं ठरल्यासारखं झालं. त्यात गाडीची वागणूक चक्रावून टाकणारी. उभी असली की तापत नाही. हळूहळू चालवली, चढावर, की तापते. आणि खालच्या सपाट गवताळ भागात जोरात पळवली की काटा जरा उतरतो. आता उभं राहून थंड आणि चालल्यावर गरम हे उलटंच झालं ना, सगळ्या जगातल्या गाड्या उभ्या राहून तापतात.

सगळ्यांनी सल्ले दिले. एका मेकॅनिकनं सांगितलं थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, निम्म्या गाड्यांचे काढलेत मी. माझं मन तयार होईना. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार, इंजिन थंड असताना बंद राहतं, गरम झालं की उघडतं. आत मेणाची गोळी असते, ती तापून फुगते आणि दार ढकलते. काढून टाकला तर इंजिन गरमच व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं, थंडीत तर विचारू नका. आधी बघू तरी तो चालतो का म्हणून घरी आणला आणि गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं. बायको म्हणाली हे दुधाचं पातेलं आहे. मी म्हणालो धुतो. ती म्हणाली धुतो म्हणजे काय, फेकून देणारे मी आता. पण थर्मोस्टॅट मस्त चालला, त्याच्यावर ८० लिहिलं होतं, ऐंशी-ब्याऐंशीला तोंड उघडायला लागला आणि नव्वदच्या पुढं पूर्ण उघडला. म्हणजे तो निर्दोष. पातेलं त्या दिवसापासून दुकानात आहे.

मग हेड गॅस्केटची, म्हणजे सिलेंडर आणि त्याच्या डोक्यामधल्या पट्टीची भीती. ती फाटली की सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, झाकण उघडं ठेवून गाडी थंड असतानाच सुरू केली की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसतात, आणि पाणी ऑइलमध्ये गेलं तर ऑइल दुधाळ चहासारखं होतं. डिपस्टिक काढून बघितली, ऑइल काळं पण ऑइलसारखंच. बुडबुडे सुरवातीला दोनचार आले मग थांबले, ती नुसती अडकलेली हवा. ती काढायला पुढची चाकं बांधावर चढवून गाडीचं तोंड वर केलं, झाकण उघडं, पाइप हातानं दाबत राहिलो, हवा वर येत गेली तसं कूलंट टाकत गेलो. अर्धा लिटर गेलं आत! चला म्हणलं हीच भानगड. राउंड मारला. परत लाल दिवा.

आता राहिलं रेडिएटर. मेव्हण्यानं दोन वर्षं त्यात बोअरचं पाणी घातलेलं. आमच्या इकडं बोअरच्या पाण्यानं गीझरची कॉइल पांढरी होते हे मी रोज दुकानात बघतो, मग रेडिएटरच्या सुतासारख्या नळ्यांचं काय होत असेल. भोसरीला एक रेडिएटर दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांच्याकडं नेला. ते आधी हसले, मग उलटं पाणी मारून दाखवलं, म्हणजे जिकडून पाणी बाहेर पडतं तिकडून आत. गढूळ पांढरं पाणी आणि खपल्या निघाल्या. बाहेरून बघितलं तर जाळीची पत्ती, त्याला ते फिन म्हणतात, जवळपास चौथा हिस्सा लोळलेली. मेव्हणा दर सोमवारी गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुतो, जवळून, जोर लावून. चाचा म्हणाले, "बेटा, ये जाली है, दीवार नहीं." कंगव्यासारख्या हत्यारानं एकेक ओळ सरळ करत बसले, तीन तास. मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणात एकाच माणसानं आपलं काम नीट केलं, ते चाचांनी.

कूलंट नवीन, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. फरक पडला, खोटं नाही बोलत. आधी तिसऱ्या राउंडला दिवा लागायचा तो पाचव्याला लागायला लागला. पण लागायचा. शेवटी वैतागून टेम्पोत घालून गाडीच वडगावला आणली, दुकानामागं मोकळी जागा आहे तिथं लावली.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यांच्या कॉलेजची बाहाची टीम आहे. पोरं स्वतः एटीव्ही बनवतात आणि इंदूरजवळ पिथमपूरला स्पर्धेला नेतात. तो बघायला आला. आला तो खिशात हात घालून, ह्या वयातली पोरं येतात तसा. म्हणाला, "मामा, आमच्यात रेडिएटर वगैरे नसतोच." त्यांच्या गाडीला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसीचं, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं म्हणे, ते हवेवर थंड होणारं, त्याच्या फ्लायव्हीललाच पाती असतात. इंजिन फिरलं की पंखा फिरतो, वर पत्र्याचं आवरण, ते हवा वळवून सिलेंडरच्या पट्ट्यांवर आणतं. वायर नाही, रिले नाही, सेन्सर नाही. इंजिन जेवढं जोरात तेवढी हवा जास्त.

मला एकदम वडिलांची चेतक आठवली. तिलापण असंच होतं, फ्लायव्हीलवर पंखा आणि सिलेंडरवर पत्र्याची टोपी. आकुर्डीत बनलेली गाडी, आमच्या घरात पंधरा वर्षं होती. एकदा वडिलांनी स्वतः काम काढलं आणि ती टोपी परत बसवलीच नाही, आवाज येतो म्हणून. कात्रजच्या घाटात गाडी जॅम झाली. पंखा होता, फिरतपण होता, पण हवा जायला पायजे तिथं न जाता इकडंतिकडं जात होती. हे मी भाच्याला रंगवून सांगत होतो, पंखा फिरणं वेगळं आणि हवा जाणं वेगळं वगैरे, आणि समोर ती एटीव्ही सुरू होती, फॅन फिरत होता, आणि माझ्या डोक्यात अजूनही प्रकाश पडला नव्हता. काय म्हणावं.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. गाडीच्या पुढून. ट्रे भाच्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "ह्या गाडीतून समोरून गरम वारा का येतोय? पाय भाजले की."

मी म्हणालो गाडी गरम आहे, गरमच येणार.

ती म्हणाली, "अहो पण समोरून? ओढणी बघा कुठं उडतीये."

ओढणी मागं उडत होती. गाडीपासून लांब.

मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. मग काउंटरवरून बिलबुकाचं एक पान फाडून आणलं आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर धरलं. फॅन रेडिएटरच्या मागं आहे, म्हणजे त्यानं पुढून हवा ओढून मागं इंजिनाकडं टाकायला पायजे, म्हणजे कागद जाळीला चिकटायला पायजे. कागद माझ्या हातातून सुटला आणि भाच्याच्या चहात पडला.

उलटा फिरत होता. तीन आठवडे उलटा फिरत होता.

आता मी पंख्यातला माणूस असून असं कसं झालं, तर पंख्यातला आहे म्हणूनच झालं. माझा सगळा जन्म एसी फॅनमध्ये गेला. घरच्या सीलिंग फॅनच्या दोन वायरी, फेज आणि न्यूट्रल, तुम्ही उलट्या लावा नाहीतर सुलट्या, फॅन सरळच फिरतो. त्याची दिशा आतली वायंडिंग आणि कॅपॅसिटर ठरवतात. त्यामुळं दोन वायरी उलटसुलट झाल्या तर काय, ही शंका माझ्या हाताला येतच नाही. पण गाडीचा फॅन डीसी, आत मॅग्नेट. प्लस-मायनस बदलले की फॅन उलटा. तेवढाच गोड आवाज, तेवढाच करंट जवळपास, रिले टक्, सगळं तेच, फक्त हवा उलटी. त्यात पात्यांना एका बाजूला बाक असतो, उलटी फिरली की ती हवासुद्धा कमीच मारतात.

आणि मग गाडीचं ते विचित्र वागणं एकदम उलगडलं. उभी असताना हवा मागून पुढं का होईना, जाळीतून जात होती, इंजिन आरामात होतं, गरमी थोडी, भागत होतं. इंजिनाकडची तापलेली हवा ओढून मारत होती तरी भागत होतं. चालायला लागली, ताशी पंधरा-वीस, की समोरून येणारा वारा आणि मागून फॅनचा वारा, दोघं जाळीत समोरासमोर. आपल्याकडं एकेरी बोळात दोन रिक्षा आमनेसामने येतात आणि कुणीच मागं घेत नाही तसं. हवा जागच्या जागी. आणि नेमकं तेव्हाच चढ, दोन माणसं, पहिला गिअर. सपाटीला जोरात पळवली की समोरचा वारा जिंकायचा, म्हणून काटा उतरायचा. एवढं स्पष्ट गाडी सांगत होती आणि मी दुधाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट उकळत बसलो होतो.

वायरी बदलायला चार मिनिटं लागली. कागद जाळीला असा चिकटला की फॅन बंद होईपर्यंत पडला नाही. भाचा हसू दाबत होता, त्याला म्हणलं हस बाबा, फक्त तुझ्या टीमला सांगू नको. त्यानं अर्थात त्याच संध्याकाळी सांगितलं.

गाडी परत पानशेतला. राउंड एक, दोन, तीन, सात. दिवा नाही. आठव्याला एकदम उभ्या चढावर काटा परत वर सरकला, दिवा लागला नाही पण जवळ गेला. ह्या वेळी मात्र मी आधी हवेकडंच बघितलं. फॅनच्या भोवती जे प्लास्टिकचं आवरण असतं ते ह्या गाडीला नव्हतंच, आधीच्या मालकाकडंच कधीतरी तुटून गेलं असणार, फॅन नुसता दोन पट्ट्यांवर लटकत होता. आवरण नसलं की फॅन फक्त स्वतःच्या गोल तोंडासमोरच्या जाळीतून हवा ओढतो, चार कोपरे तसेच गरम राहतात. वर पात्याच्या कडेनं मागचीच हवा वळून परत पुढं येते, हवेलापण शॉर्टकट आवडतो. वडिलांच्या चेतकची टोपीच म्हणा ना. बुधवारी जुन्या बाजारात एक ॲल्युमिनियमचा पत्रा मिळाला, त्याची चौकट वाकवली, मध्ये पात्यापेक्षा बोटभर मोठं गोल कापलं, कडेला फोमची पट्टी लावून रेडिएटरला टेकवली. दिसायला डबा वाटतो. पण आता चारही कोपऱ्यांना हात लावून बघितलं तर सारखेच गरम लागतात, आणि आठव्या राउंडला काटा जिथं असायला पायजे तिथंच.

जूनमध्ये पाऊस लागला तशी वेगळीच तऱ्हा. त्या भागात भाताची खाचरं, चिखल असा की टायर उचलून जाळीवर फेकतात आणि वरून इंजिनाच्या गरमीनं तो भाजून निघतो, विटेसारखा. हवा कुठून जाणार. मेव्हण्याला सांगितलंय, प्रेशरचं पाणी बंद, बागेचा साधा पाइप घ्यायचा आणि मागून, फॅनच्या बाजूनं, पुढं मारायचं, जिकडून चिखल आला तिकडंच तो परत ढकलायचा. आधी पंधरा मिनिटं भिजू दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी भरलेल्या खड्ड्यातून जाताना फॅन चालू असला तर पाती पाण्यात आपटून मोडू शकतात किंवा मोटर जॅम होऊन फ्यूज जातो, म्हणून खोल पाण्यात जायच्या आधी जरा थांब, फॅन बंद झाला की जा. हे तो ऐकत नाही. जुलैत एकदा फ्यूज उडाला, तर पठ्ठ्यानं तिथं तारेचा तुकडा लावला. मी शिव्या घातल्या. मोटर अडकली आणि फ्यूज नसला तर वायरिंग जळतं, वीस रुपयांच्या फ्यूजसाठी.

मध्ये त्याच्या डोक्यात आलं की सेन्सर वगैरे भानगड नको, हँडलवर साधं बटण लावू, फॅन कायम चालू. एकानं लावूनपण दिलं. पहिल्याच सोमवारी गाडी सुरू होईना, बटण रविवारी रात्रीपासून चालू, बॅटरी सपाट. शिवाय ह्या गाड्यांचा चार्जिंगचा जोर बेताचाच असतो, हळू चालवताना सगळा वेळ फॅन फिरवायचा म्हणजे बॅटरी हळूहळू रिकामीच होत जाणार. बटण मी काढलं नाही पण रिलेला असं जोडलं की सेन्सरनं फॅन लागला नाही तरच त्याचा उपयोग, आणि चावी बंद केली की बटणही बंद.

आणि हो, फॅनच्या कनेक्टरवर आता खूण आहे. प्लसच्या वायरीला लाल नेलपेंट लावलंय, दोन कोट. बाटली हिनंच दिली, म्हणाली तुमच्या दुकानातल्या सगळ्या वायरींना लावून टाका, संपली तर दुसरी आणते.